पाहिलेले डोळ्यांसमोरून हलत नाही तेव्हा



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून रोज सकाळी कोणी ना कोणी लोकल पकडायला बाहेर पडते. कोणी चर्चगेटला कचेरीत जातो, कोणी अंधेरीला कारखान्यात, कोणी फुलांची किंवा भाजीची टोपली घेऊन दादरला. या प्रवासात कधीतरी डोळ्यांदेखत अपघात घडतो. कोणी रूळ ओलांडताना गाडीखाली येतो, कोणाचा गर्दीत दारातून हात सुटतो, कोणी फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत सापडतो. त्याला स्ट्रेचरवरून नेतात. उद्घोषणा होते, गाडी पुढे निघते. फलाटावर उभे राहून ज्यांनी ते पाहिले, ते पुढची गाडी पकडून कामावर जातात.

त्यांची विचारपूस कोणी करीत नाही. करावी असे कोणाला सुचतही नाही, कारण त्यांना साधे खरचटलेलेही नसते. पण रात्री ताट समोर आले की घास उतरत नाही. डोळे मिटले की तेच दृश्य उभे राहते. ब्रेकचा करकर आवाज कानात घुमतो. मग तो माणूस स्वतःलाच दटावतो, "ज्याचं गेलं त्याचं गेलं. मला काय झालंय?"

आजच्या पाठात आपण या माणसाचा विचार करणार आहोत. रस्त्यावरील अपघात, आग, बुडण्याची घटना, मारामारी, शेजारच्या घरातील आत्महत्या, यांपैकी काहीही ज्याने पाहिले त्याला हा पाठ लागू आहे. सांगायचे थोडक्यात एवढेच आहे: पाहणाऱ्यालाही धक्का बसतो. तो आधी शरीराला बसतो, म्हणून सावरण्याची सुरुवात शरीरापासून करावी. आणि अशा माणसाला आपण एकटे सोडू नये, तसेच बळजबरीने बोलतेही करू नये.

१. पाहणाराही दुखावतो

११ जुलै २००६ ची संध्याकाळ आपल्या भागातील लोक विसरलेले नाहीत. चर्चगेटहून निघालेल्या पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, सुमारे अकरा मिनिटांच्या अवधीत बॉम्बस्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड-भाईंदर या ठिकाणी १८० हून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जखमी झाली. रुळांलगतच्या वस्त्यांतील लोक धावत आले आणि त्यांनी घरातल्या चादरींची झोळी करून जखमींना बाहेर काढले.

त्याच गाड्यांच्या इतर डब्यांत बसलेले प्रवासी, झोळी धरणारे ते हात, फलाटावर थांबलेली माणसे, यांची नावे जखमींच्या यादीत आली नाहीत. त्यांनी जे पाहिले ते मात्र त्यांच्याबरोबर घरी आले.

वैद्यकशास्त्राने ही गोष्ट मान्य केलेली आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली 'आघातोत्तर तणाव विकार' हा आजार आपल्या अधिकृत यादीत घातला. त्याला पीटीएसडी असेही म्हणतात. याच यादीच्या १९९४ च्या आवृत्तीत, भीषण घटना स्वतःवर ओढवलेली माणसे आणि ती घडताना पाहिलेली माणसे, दोघांनाही हा विकार होऊ शकतो हे स्पष्ट लिहिले गेले. तेव्हा "मला काय झालंय?" या प्रश्नाचे उत्तर असे की, तुम्हाला काहीतरी झालेले आहे. ते खरे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. असे काही पाहणाऱ्या प्रत्येकाला आजार जडतो असे मुळीच नाही. बहुतेक माणसे काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप सावरतात. आपल्याला करायचे आहे ते एवढेच, की या आपोआप सावरण्याच्या आड काही येऊ द्यायचे नाही.

२. शरीरात काय घडते?

आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका ओळखणे हे त्याचे एक मुख्य काम. डोळ्यांनी काही भयंकर पाहिले की, आपण नीट विचार करण्याआधीच तो शरीराला इशारा देतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी ॲड्रेनालिन नावाचा स्राव रक्तात सोडतात, पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते. छाती धडधडते, श्वास भरभर होतो, तळहातांना घाम सुटतो, तोंडाला कोरड पडते. शरीराला त्या क्षणी पळण्यासाठी बळ हवे असते, म्हणून पचनाचे काम मागे पडते. पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते, मळमळते, भूक मरते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात शरीराच्या या तयारीचे वर्णन केले. पुढे ती 'लढा किंवा पळा' या नावाने ओळखली जाऊ लागली.

काही माणसे मात्र लढतही नाहीत आणि पळतही नाहीत. ती जागच्या जागी थिजतात. पाय उचलत नाही, तोंडातून आवाज फुटत नाही, सगळे सिनेमासारखे दूर घडते आहे असे वाटते. हीसुद्धा शरीराचीच एक प्रतिक्रिया आहे.

फलाटावर उभा असलेला माणूस पळून कुठे जाणार आणि लढणार कोणाशी? शरीराने जमवलेली ही सगळी तयारी तशीच अंगात राहते. म्हणून नंतर तासभर हातपाय कापतात, रडू फुटते, कधी उगाच हसूही येते. कापरे भरले म्हणजे माणूस भित्रा असे समजू नये. तापलेली चूल बंद केली तरी तवा लगेच गार होत नाही, तसे हे आहे.

अशा वेळी मेंदू आठवणही वेगळ्या रीतीने साठवतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, आधी काय, मग काय, हा क्रम पुसट राहतो. एखादी चप्पल, एखादा रंग, एखादा वास मात्र ठसठशीत उमटतो. म्हणूनच पुढे कित्येक दिवस तशीच चप्पल दिसली तरी छातीत धस्स होते.

३. पहिल्या तासात काय करावे?

दृश्यापासून दूर जा. मदत करणारी माणसे पोहोचली असतील आणि तुमची गरज नसेल, तर तिथे थांबून पाहत राहू नका. पाठ फिरवा आणि बाकावर किंवा पायरीवर बसा. सोबत कोणी थिजून उभे असेल तर त्याचा हात धरून त्यालाही बाजूला न्या.

घोट घोट पाणी प्या. घरी किंवा जवळच्या माणसाला फोन करा. "मी ठीक आहे, पण एक अपघात पाहिलाय, मला घाबरल्यासारखं झालंय," एवढेच सांगितले तरी पुरे.

श्वास सावकाश करा. नाकाने श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. मोठ्या माणसाचा श्वास एरवी मिनिटाला बारा ते वीस वेळा होतो. तो मिनिटाला सहाच्या आसपास आणता आला तर शरीर लवकर निवते. या बाबतीत एक प्रयोग आपल्याला जवळचा वाटेल. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेतील 'आवे मारिया', म्हणजे आपली 'नमो मरिया', लॅटिन भाषेत म्हणायला लावली आणि त्यांचा श्वास व हृदयाची लय मोजली. योगातील मंत्राचीही तशीच तपासणी केली. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. हा अहवाल २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. आपल्या आजी-आजोबांना हे आकडे माहीत नव्हते, पण संकटात जपमाळ हाती घेण्याची त्यांची सवय शरीरालाही उपकारक होती. मात्र घाईघाईने पुटपुटून हे साधत नाही. प्रत्येक प्रार्थना एका संथ श्वासावर म्हणावी लागते.

मन पुन्हा पुन्हा त्या दृश्याकडे धावत असेल तर त्याला आताच्या जागी आणा. पाय जमिनीवर घट्ट टेकवा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मनात घ्या: पंखा, घड्याळ, चहाची टपरी, निळी पिशवी, झाड. मग हाताला लागणाऱ्या चार गोष्टी, ऐकू येणारे तीन आवाज. हे पोरखेळासारखे वाटेल, पण यामुळे डोळे आणि कान सध्याच्या क्षणात येतात आणि धोका टळल्याचे शरीराला कळते.

लगेच मोटारसायकल किंवा रिक्षा चालवायला बसू नका. हात कापत असताना दुसरा अपघात व्हायला वेळ लागत नाही. कोणाला तरी न्यायला बोलवा.

४. पहिली रात्र

घरी आल्यावर अंघोळ करा. गरम पेज, वरणभात, जे उतरेल ते थोडे खा. भूक नसली तरी पोट अगदी रिकामे ठेवू नका. चहा-कॉफी रात्री नको, नाही तर आधीच धडधडणारी छाती आणखी धडधडेल.

"दोन घोट घेतले की झोप लागेल" असे सांगणारे मित्र भेटतील. त्यांचे ऐकू नका. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडतमोडत होते आणि दुसऱ्या दिवशी मन जास्त खचते. घरात दुसऱ्या कोणासाठी आणलेली झोपेची गोळीही घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासावर बेंझोडायझेपिन जातीच्या शामक गोळ्या देऊ नयेत असे सांगितले आहे. आधीपासून डॉक्टरांनी दिलेली औषधे चालू असतील तर ती मात्र तशीच घ्यावीत.

त्या रात्री एकटे झोपू नका. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी एक दिवस घरी किंवा नातेवाइकांकडे जावे. झोप नाहीच आली तर तळमळत पडण्यापेक्षा उठून बसा, थोडा वेळ हाताला काम द्या.

हाताला काम देण्यामागेही शास्त्र आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील एमिली होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना क्लेशदायक दृश्यांची चित्रफीत दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यांच्यातल्या एका गटाला दहा मिनिटे टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्या गटाला ती दृश्ये कमी वेळा आठवली. २०१७ साली रुग्णालयात आलेल्या अपघातग्रस्तांवरही असाच प्रयोग झाला आणि त्यातही फरक दिसला. डोळे आणि हात आकार जुळवण्यात गुंतले की मेंदूला ते भयंकर चित्र घट्ट रेखायला कमी जागा उरते, असे संशोधकांचे म्हणणे. दुखवट्याच्या घरात म्हाताऱ्या बायका सुनांच्या हाती लसूण सोलायला किंवा फुले ओवायला देतात, त्या शहाणपणाची इथे आठवण होते.

बायबलमध्ये एलिया संदेष्ट्याची हकिगत आहे (१ राजे, अध्याय १९). ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी दिल्यावर तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूत आला, पण त्याने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी पुढे ठेवले. एलियाने खाल्ले, तो पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवले, पुन्हा खायला दिले. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्याला पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर विचारला गेला. घाबरलेल्या माणसाला आधी अन्न, झोप आणि सोबत, प्रश्न नंतर. हा क्रम आपणही पाळावा.

५. मोबाइलवरची चित्रफीत

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुसळधार पावसात परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. एल्फिन्स्टन रोडचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले. त्या दिवशी मदतकार्य चालू असतानाच पुलावरची छायाचित्रे आणि चित्रफिती मोबाइलवरून घरोघरी पोहोचल्या. जे तिथे नव्हते त्यांनीही ते सर्व पाहिले, आणि एकदा पाहून थांबले नाहीत.

अशा पाहण्याचा परिणाम किती होतो? १५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. नंतरच्या आठवड्यात ज्यांनी दिवसाला सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ त्या बातम्या आणि दृश्ये पाहिली, त्यांच्यात तीव्र तणावाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांना दिसून आले.

म्हणून तीन नियम पाळू या. घटनेची चित्रफीत काढू नये. आली तर पुढे पाठवू नये. आणि आपण जे प्रत्यक्ष पाहिले आहे ते मोबाइलवर पुन्हा शोधून पाहू नये. चित्रफितीतला माणूस कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी आई असते. घरच्यांना निरोप पोहोचण्याआधी त्यांच्या मोबाइलवर ते चित्र पोहोचू नये, एवढी माया आपण दाखवू शकतो.

६. बोलावे की गप्प राहावे?

"मनात ठेवू नको, सगळं सांगून मोकळा हो," असे आपण सहज म्हणतो. मनापासून बोलावेसे वाटले तर बोलणे चांगलेच. पण बळजबरीने बोलायला लावणे वेगळे.

१९८३ साली अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवकांसाठी एक पद्धत मांडली. भीषण घटनेनंतर लवकरच सर्वांना एकत्र बसवून, काय पाहिले, काय वाटले हे सविस्तर सांगायला लावायचे. ही पद्धत झपाट्याने पसरली. पुढे तिची काटेकोर तपासणी झाली तेव्हा दिसले की, अशा एकाच बैठकीने नंतरचा आजार टळत नाही, आणि काहींचा त्रास उलट वाढतो. २००५ साली ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत अशी सरसकट बैठक घेऊ नये असा सल्ला दिला गेला.

तिच्या जागी आज 'मानसिक प्रथमोपचार' शिकवला जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि इतर संस्थांनी २०११ साली त्याची पुस्तिका काढली. तिचे सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडा. प्रथम पाहा, की माणूस सुरक्षित आहे का, त्याला तातडीची गरज कशाची आहे. मग ऐका, तो जेवढे सांगेल तेवढेच, मध्ये न बोलता. शेवटी त्याला घरच्या माणसांशी आणि लागेल त्या मदतीशी जोडून द्या. हे करायला डॉक्टर असावे लागत नाही.

समजा, तुमची मुलगी कॉलेजमधून पांढरीफटक होऊन घरी आली. "काय झालं? कुठे? किती लागलं? मेला का तो?" असा भडिमार नको. "ये बाळा, बस. आधी पाणी पी. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर नुसती बस माझ्याजवळ." एवढे पुरे आहे.

काही वाक्ये प्रेमाने म्हटली तरी लागतात. "विसरून जा आता." विसरणे कोणाच्या हातात नसते. "तुला तर काही झालं नाही ना?" म्हणजे तुझा त्रास खोटा. "देवाची मर्जी." दुःखात बुडालेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द आले तर ती त्याची श्रद्धा. आपण ते त्याच्या कानावर घातले तर त्याचे तोंड बंद होते. त्यापेक्षा "असं पाहिल्यावर कोणालाही त्रास होईल" हे वाक्य बरे. आणि काहीच सुचले नाही तर चहाचा कप पुढे करून शेजारी बसावे.

७. "मी काहीच केले नाही"

पाहणाऱ्याच्या मनात बहुधा एक टोचणी राहते. मी धावलो का नाही? मी ओरडले का नाही? हात पुढे केला असता तर?

याचे उत्तर देताना दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडते. आज घरी बसून ज्या दहा वाटा दिसतात, त्यांतली एकही त्या क्षणी डोळ्यांसमोर नव्हती. शरीर थिजले होते ते आपल्याला विचारून थिजले नव्हते. दुसरी, ती टोचणी आपल्या माणुसकीची खूण आहे, अपराधाची नाही. ती कबूल करावी, विश्वासातल्या माणसाजवळ बोलावी, पण तिला न्यायाधीश करू नये.

पुष्कळदा मदत न करण्यामागे पोलिसांच्या चौकशीची भीती असते. ती आता बाळगण्याचे कारण नाही. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात कलम १३४-अ आले. रस्त्यावरील अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्तीत ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्यावेत. काय करायचे हे आधी ठाऊक असले तर ऐन वेळी एक फोन करणे तरी जमते, आणि एक फोन ही पुष्कळ मोठी मदत आहे.

८. मुलांनी पाहिले असेल तर

मुले मोठ्यांसारखी बोलत नाहीत. ती अंथरूण ओले करतात, आईचा पदर सोडत नाहीत, शाळेत जाताना पोट दुखते म्हणतात. काही मुले खेळण्यातल्या गाडीने तोच अपघात पुन्हा पुन्हा घडवतात. त्यांना रागावू नका. खेळ हीच त्यांची भाषा आहे.

मुलाने विचारले, "आई, तो काका मेला का?" तर खोटे सांगू नये. "हो बाळा, तो वारला. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तू इथे माझ्याजवळ सुरक्षित आहेस." थोडक्यात, खरे आणि शांत आवाजात. रक्ताचे वर्णन नको. तोच प्रश्न दहा वेळा आला तर दहा वेळा तेच उत्तर द्यावे. शाळा, जेवण, झोपेची वेळ हे सारे शक्य तितके नेहमीसारखे ठेवावे. नेहमीच्या क्रमाने मुलांना खात्री पटते की जग मोडलेले नाही. आणि त्यांच्यासमोर शेजाऱ्यांना तीच हकिगत पुन्हा पुन्हा रंगवून सांगू नये.

९. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पहिल्या एक-दोन आठवड्यांत वाईट स्वप्ने, दचकणे, चिडचिड, त्या जागेवरून जाताना छातीत धडधड, हे सारे अपेक्षितच आहे. दिवसागणिक ते थोडे थोडे कमी होत असेल तर काळजी नसावी. शक्य होईल तसे नेहमीच्या कामाला लागावे. त्या फलाटावर जायची भीती वाटत असेल तर पहिल्यांदा कोणाला तरी सोबत घेऊन, कमी गर्दीच्या वेळी जावे. महिनोन्‌महिने ती जागा टाळत राहिले तर भीती मोठी होत जाते.

पण पुढील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये:

एक महिना उलटला तरी दृश्ये, स्वप्ने आणि दचकणे कमी होत नाही.
माणूस कामावर जाऊ शकत नाही, घरच्यांपासून तुटतो, कशातच रस घेत नाही.
दारूचे प्रमाण वाढते.
"जगून काय करायचं" असे बोलणे किंवा जीव देण्याचे विचार येतात. इथे एक दिवसही थांबू नये.

या आजारावर परिणामकारक उपचार आहेत. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ त्या आठवणीला सुरक्षित वातावरणात, हळूहळू सामोरे जायला शिकवतात. गरज पडल्यास औषधेही देतात. मुंबईत केईएम, नायर, सायन यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

पाय मोडला तर आपण प्लास्टर घालतो आणि शेजारीपाजारी भेटायला येतात. मन दुखावले तर मात्र घराचे दार लावून घेतो. "लोक काय म्हणतील?" या एका प्रश्नापायी कितीतरी माणसे वर्षानुवर्षे एकटी सोसतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणाऱ्याला वेडा ठरवायचे नाही, एवढे जरी आपल्या धर्मग्रामाने मनावर घेतले, तरी अनेकांचा मार्ग सोपा होईल.

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी

१. आपल्या घरात किंवा आळीत अपघात, आग किंवा अचानक मृत्यू डोळ्यांनी पाहिलेले कोणी आहे का? त्यांची विचारपूस कोणी केली आहे का?
२. घाबरून घरी आलेल्या माणसाशी आपण पहिले वाक्य कोणते बोलतो? त्याऐवजी कोणते बोलता येईल?
३. अपघाताची चित्रफीत आपल्या मोबाइलवर आली तर आपले घर काय करील, हे मुलांना सोबत घेऊन ठरवा.
४. १०८, ११२, १३९ आणि १४४१६ हे चार क्रमांक आजच घरातल्या सर्वांच्या मोबाइलमध्ये भरा. ज्या वडीलधाऱ्यांना मोबाइल नीट वापरता येत नाही, त्यांच्यासाठी ते मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा.